जिल्ह्याची चिलखती गाडी

शेरीफ, म्हणजे जिल्ह्याचा पोलीसप्रमुख, झाल्यापासून आमच्या थर्मनला आईचं ऐकायची लाज वाटते. माझा भाऊ एल्डन दारू पिऊन, शिकारीची बंदूक घेऊन घरात कोंडून बसला, तेव्हा मी म्हटलं, "मी खिडकीतून बोलते. दरवेळी येतो तो बाहेर."

"आई, तू मागे हो," म्हणत त्याने वॉशिंग्टनच्या सरकारकडून जिल्ह्यासाठी स्वस्तात घेतलेली लष्करी चिलखती गाडी थेट भिंतीत घातली. छप्पर कोसळून एल्डनचं डोकं चेचलं.

"एवढी कसली घाई होती रे?"

"वर्षभरात एकदाही वापरली नाही, तर गाडी परत नेतात ते. परवा वर्ष संपतंय."

"म्हणजे गाडी राहावी म्हणून मामाला मारलंस. त्याच्या शवपेटीला हात लावायला येऊ नकोस."