लाल पट्टी

विबेच्या मनगटावर दवाखान्याची लाल पट्टी होती: 'पेनिसिलिन देऊ नये'. लहानपणी एकदा अंगावर पुरळ आलं होतं, तेव्हापासूनचा हा शिक्का. पण आता पोटातलं इन्फेक्शन रक्तात उतरलं होतं आणि बाकीच्या औषधांनी हात टेकले होते. लेउवार्डन शहरातल्या त्या दवाखान्याच्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "लागू पडेल असं अँटिबायोटिक पेनिसिलिनच्याच जातकुळीतलं आहे. आधी थोडंसं देऊन बघू."

सलाईनमधून थोडंसं दिलं. त्याची बायको रिन्स्के डोळ्यांत तेल घालून उशाशी बसली. बाही वर कर, गळा बघ, पाठ बघ, असं तिचं चाललेलं. कॉफी तशीच निवून गेली.

"आजी, लग्नाआधी तरी इतकं निरखलं होतं का हो?" नर्स हसली. रिन्स्के हसली नाही.

तासाभराने डॉक्टरीणबाईंनी येऊन तपासलं. अंगावर साधी गांधसुद्धा नव्हती. "अभिनंदन! तुम्हाला पेनिसिलिन चालतं. बहुतेक वावडं कधी नव्हतंच." नर्सने कात्रीने लाल पट्टी कापली आणि पूर्ण डोस लावला.

दोघी गेल्या, तरी रिन्स्के चष्मा पुसून पुन्हा त्याचा हात तपासू लागली.

"एक तरी ठिपका असेल रे. नीट बघू दे."

विबेने बाही खाली ओढली. "पुरे, रिन्स्के. आपली लेक ज्या तापात गेली, त्या तापात 'तिला पेनिसिलिन देऊ नका, तिच्या बापाला चालत नाही,' असं तू एकटीने नव्हतं सांगितलं. मीही सांगितलं होतं."