दुसऱ्या फर्म्यात काय होतं

“ती या टेबलाशी बसली, तर आम्ही आठही जणी उठू,” पहिलीने मालकाला तोंडावर सांगितलं.

पहिली म्हणजे पहिल्या फर्म्याच्या घड्या घालणारी. त्या बाइंडिंगखान्यात बायकांची नावं फर्म्यांवरून पडली होती. छापखान्यातून सोळा-सोळा पानांचे मोठे ताव येत. एका तावाला घड्या घातल्या की एक फर्मा, आणि आठ फर्म्यांचं एक पुस्तक. पुस्तक कोणतंही असो, जिची जी खुर्ची तिला तोच फर्मा. त्यामुळे बावीस वर्षांत पहिलीने शेकडो गोष्टी सुरू केल्या होत्या, संपवली एकही नव्हती. आठवीला जगातले सगळे शेवट पाठ होते, फक्त ते कुणाचे हे तिला विचारायचं नाही. शिवलेली पुस्तकं थेट खालच्या मजल्यावर जात.

आणि ‘ती’ म्हणजे दारात उभी असलेली नवी बाई. नवऱ्याला मारल्याबद्दल दहा वर्षं तुरुंगात काढून आली होती. हे काम तिथेच शिकली होती आणि त्यावर तिचा हात बसला होता. दोन ठिकाणांहून तिला पहिल्याच दिवशी परत पाठवलं होतं. हे तिसरं. चौथं तिला माहीत नव्हतं.

मालकाची अवस्था इकडे आड, तिकडे विहीर. पुस्तक परवा द्यायचं होतं आणि जुळवणीची बाई आजारी पडली होती. “आजच्या दिवस ती तिकडे भिंतीपाशी जुळवणी करील,” तो म्हणाला. “टेबलाकडे फिरकणार नाही. संध्याकाळी तुम्ही सांगाल तसं करू.”

जुळवणी म्हणजे आठ ढिगांमधून ओळीने एकेक फर्मा उचलायचा आणि पुस्तक लावायचं. दिवसभर, उभ्याने, एकटीने. नवी कामाला लागली.

टेबलावर मात्र चार दिवस वेगळंच भांडण पेटलं होतं. कादंबरी होती डोंगरावरच्या एका राक्षसाची.

“मेल्यानं अख्खं गाव पेटवलं,” पहिली म्हणाली. “माझ्या फर्म्यात आहे. लोक पोराबाळांना काखोटीला मारून पळतायत.”

“माझ्यात तर तो आजारी म्हातारीला पाठीवर घेऊन डोंगर उतरतो,” तिसरी म्हणाली.

“ढोंग असेल.”

“आणि पोरं त्याला दगड मारतात, तो एकही उलट मारत नाही, ते गं?” पाचवीने विचारलं.

“नेम नसेल मेल्याचा!”

सगळ्या हसल्या. दुसरीही हसली. तिला वाचता येत नव्हतं. तिला ओशाळं वाटू नये म्हणून दुसऱ्या फर्म्यात काय आहे हे तिला कुणी कधी विचारत नसे.

जेवणाच्या सुट्टीत आठवीला राहवेना. “अगं ए,” तिने भिंतीकडे बघून विचारलं, “सगळे फर्मे तुझ्या हाताखालून जातात. वाचलंस का काही?”

पहिलीने डोळे वटारले. कान मात्र तिचेही टवकारले होते.

“फेरीला दोन-दोन ओळी वाचल्या,” नवी फर्मे उचलता उचलता म्हणाली. “गाव त्यानंच पेटवलं.”

“बघा!” पहिली म्हणाली.

“म्हातारीला उतरवलं, तेही त्यानंच.”

“मग त्याला राक्षस म्हणायचं की माणूस?” आठवीने विचारलं.

“लिहिणाऱ्यानं ते कुठंच सांगितलेलं नाही. सगळे फर्मे एकाच दोऱ्यानं शिवायचे, एवढंच.”

“पण त्यानं गाव पेटवलं कशासाठी?” आता पहिलीलाच राहवलं नाही.

“ते दुसऱ्या फर्म्यात आहे. त्याचं पिल्लू गुहेत झोपलं होतं. गावानं गुहेच्या तोंडाशी धूर केला.”

दुसरीच्या हातातला घास हातातच राहिला. चार दिवस ती त्या पिल्लावरून पट्टी दाबून घड्या घालत होती.

“मग हे आधी नको का लिहायला?” पहिली भडकली, आणि या खेपेला राक्षसावर नाही.

“आधी लिहिलं असतं, तर राक्षस दिसला कुणाला असता?”

पहिलीने डबा बंद केला. मग तिने सरळ विचारलं, “तुझं पेपरात आलं होतं. ते खरं?”

“खरं. मीच मारलं.” नवीचे हात थांबले नाहीत.

“आणि त्याच्या आधी काय झालं होतं?”

आता हात थांबले. कशाने मारलं ते कोर्टाने विचारलं होतं. किती वाजता, किती घाव, तेही विचारलं होतं. हा प्रश्न दहा वर्षांत तिला कुणी केला नव्हता. ती भिंतीला टेकली आणि आपल्या मुलीपासून सांगू लागली. सुट्टी संपल्याची घंटा झाली, ती त्या खोलीत कुणालाच ऐकू गेली नाही.

संध्याकाळी मालक वर आला, तर आठही जणी उभ्या! उद्यापासून दाराला कुलूप, दुसरं काय.

“बसा, बसा,” तो घाईघाईने म्हणाला. “तिला उद्यापासून येऊ नको म्हणून सांगतो.”

“उद्यापासून जुळवणीला मी उभी राहणार,” पहिली म्हणाली.

मालकाला आधी काही कळेचना. पहिलीने आपली खिडकीजवळची, बावीस वर्षांची खुर्ची हाताने पुसली आणि टेबलापासून जरा मागे ओढली. नवी जागची हललीच नाही. आनंदाची सवय इतकी मोडली होती, की पाऊल कसं उचलायचं ते तिला सुचेना. शेवटी दुसरीने हात धरून तिला टेबलाशी आणलं.

“जरा डुगडुगते,” पहिली तिला म्हणाली, “पण उजेड इथंच चांगला येतो. बस.”