तांबडी रेघ

आमच्या जानकीचे लग्न झाले ते त्र्याऐंशी साल. घाटकोपरचा आग्रा रोड मी टांग्यांचा पाहिला, पुढे ट्रकांचा. त्या वर्षी तो आणखी रुंद करायचे ठरले. जिथवर पाडायचे तिथवर पालिकेची माणसे तांबडी रेघ मारून गेली. आमची रेघ ओट्याच्या कडेला पडली.

दारात मांडव घालायचा होता. मी रेघेवर चुना फासला.

सकाळी ती उंबऱ्यावर होती.

"कोणीतरी मस्करी केली असेल," बायको सुगंधा म्हणाली. "लग्नघर आहे. चुना लावा नि गप बसा."

मी लावला. दुसऱ्या दिवशी रेघ घरात, चुलीच्या अलीकडे होती. कडी आतून लावलेली होती. रंग ओला होता.

"आता राहू दे तशीच," सुगंधा म्हणाली. पण व्याही यायचे होते. मी पुन्हा चुना लावला.

सकाळी रेघ कुठेच दिसेना. सुगंधा पाठमोरी बसून चहा गाळत होती. तिच्या पाठीवर, लुगड्यावरून आडवी, ओली रेघ होती.

"काय बघताय?" तिने विचारले.

रस्ता आमच्या ओट्यापर्यंत कधी आलाच नाही. सुगंधा शनिवारी, सात मेला गेली.