पाय लागला म्हणून

सुपरवायझरबाईंनी ती अकरा सेकंदं चौथ्यांदा लावली. पडद्यावर वृद्धाश्रमातली सात नंबरची खोली. खुर्चीत आजी, अर्धांगवायूने वाचा गेलेल्या. मदतनीस बाई पलंगाची चादर ओढताना मागे सरकते, तिचा पाय आजींच्या पायाला लागतो. ती झटकन वाकते, आजींच्या गुडघ्याला हात लावते आणि तोच हात स्वतःच्या कपाळाला.

"लाथ मारलीत?" बाईंनी विचारलं.

"अहो, नाही! चुकून पाय लागला," मदतनीस म्हणाली.

"मग एवढं वाकून माफी कशाची मागितलीत?" बाईंचा आवाज गोड होता. त्या सगळंच गोड आवाजात विचारायच्या. "आजींच्या मुलीने हे पाहिलंय. ती म्हणते, चुकून लागलं तर माणूस सॉरी म्हणतो आणि कामाला लागतो. पाया पडतो तो, ज्याने खरंच काहीतरी केलंय."

झालं! आता काय सांगणार, कप्पाळ? तरी तिने सांगून पाहिलं. आमच्या देशात कुणालाही पाय लागला की नमस्कार करतात, परक्याला, तान्ह्या पोराला, अगदी पुस्तकालासुद्धा.

"पुस्तकालासुद्धा?" बाईंनी मान डोलावली आणि काहीतरी लिहून घेतलं. तिने ते उलटं वाचायचा प्रयत्न केला. ही नोकरी गेली की महिन्याभरात नवरा आणि लेकीसकट हा परका देश सोडायचा, कामाच्या परवान्यावर तसं स्वच्छ लिहिलेलं होतं.

"मी आजींच्या मुलीची लेखी माफी मागू का?"

"छे छे, ती तर कबुलीच झाली." बाईंनी कागद पुढे सरकवला. "हा हावभाव पुन्हा करणार नाही, एवढंच लिहिलंय. पण पुन्हा कॅमेऱ्यात काही दिसलं, तर माझ्या हातात काही राहणार नाही. सॉरी हं."

तिने मुकाट्याने सही केली. आईने लावलेलं वळण सोडते म्हणून सही! तिला लाज वाटली आणि भयंकर रागही आला. तो गिळून ती सात नंबरमध्ये गेली.

आजी मोज्यांची वाट बघत होत्या. ती त्यांच्यासमोर खाली बसली. मोजा चढवताना आजींचा पाय निसटला आणि धाडकन तिच्या खांद्यावर आदळला.

आजी ओशाळल्या. वर्षभर तिचा तो नमस्कार बघत आलेल्या त्या. चालत होता तो एकच हात त्यांनी हळूहळू पुढे केला, तिच्या खांद्याला लावला आणि आपल्या कपाळाकडे न्यायला लागल्या.

"नको ना हो, आजी! बघतायत ते!"

तिने तो हात मध्येच पकडला आणि आजींच्याच मांडीवर दाबून ठेवला. आजींना काही कळेना. त्या हात सोडवायला धडपडू लागल्या, तशी तिने आणखी घट्ट धरला. आजींच्या डोळ्यांत पाणी आलं.

तिने वर पाहिलं. कोपऱ्यात कॅमेऱ्याचा लाल दिवा लागलेला होता. उद्या पडद्यावर एका म्हातारीचा हात दाबून धरलेली बाई दिसणार होती, आणि सोडला तर तोच हावभाव दिसणार, म्हणून तो हात सोडायचीही तिची छाती होत नव्हती.