काडीमोड

"वापरात आहे म्हणतोय," नवरा म्हणाला.

"कोण वापरतंय? आपण दोघं तर इथे भांडतोय."

तो हसला नाही. त्याने पुन्हा कोपऱ्यातल्या त्या बारक्या चित्रावर क्लिक केलं. पडद्यावर पुन्हा तीच पाटी. हे उपकरण वापरात आहे. उघडे प्रोग्रॅम बंद करा आणि पुन्हा प्रयत्न करा. खाली रस्त्यावर तिचा भाऊ टेम्पोचा हॉर्न वाजवत होता. तिचं कपाट, शिलाई मशीन, दोन पेट्या, सगळं चढलं होतं. राहिला होता फक्त संगणकाला कायम खोचलेला हा पेनड्राइव्ह.

पेनड्राइव्ह म्हणजे त्यांची मुलगी. तापाचं निमित्त झालं आणि सहा वर्षांची पोर हातातून गेली. मागे राहिले तिचे व्हिडिओ. बायकोच्या फोनमधले नवऱ्याने एका भांडणात फोन भिंतीवर आपटून संपवले. त्याच्या फोनमधले आणि संगणकातले तिने आत्ता, त्याच्या डोक्यावर उभं राहून, पुसायला लावले. कचऱ्याची टोपलीसुद्धा रिकामी करून घेतली. "ती गेली तेव्हा दवाखान्यात होतास का तू? मग तुला बघायचा हक्क नाही," असं म्हणून. वाटणीत संगणक त्याचा आणि पेनड्राइव्ह तिचा ठरला होता. एक प्रत तुला, एक मला, असं दोघांपैकी एकानेही म्हटलं नाही. चहा उकळेपर्यंत झालं असतं ते काम. पण दुसऱ्याला मिळू नये याची गोडी माणसाला एकदा लागली की आपल्या ताटात काय पडलं ते तो बघत नाही.

सासू पेनड्राइव्हला काडी म्हणायची. नातीची काडी. काडीमोड घेतोय, हे तिला कानाशी ओरडून सांगितलं तेव्हा ती एवढंच म्हणाली होती, "मग काडी कोणाकडे राहणार?" दोघांना हसू फुटलं होतं. म्हातारी शब्दात अडकली, असं वाटलं. पोर गेल्यानंतर दोघं एकत्र हसले ते तेवढंच.

आत्ताही ती आतल्या खोलीत टीव्हीसमोर बसलेली होती. दार लोटलेलं. कानातलं यंत्र तिला टोचतं, म्हणून ते डबीत. आवाज वाढवला की खालचे भांडायला येतात, म्हणून टीव्ही मुका. घरात काय चाललंय याचा तिला पत्ता नव्हता.

नवऱ्याने एकेक खिडकी बंद केली. व्हायरस शोधणारा प्रोग्रॅम थांबवला. टेबलाखाली वाकून मागच्या वायरींचा गुंता चाचपला. घरातलं प्रत्येक यंत्र दुसऱ्याला जोडून ठेवायची त्याला हौस. फोन संगणकाला, संगणक टीव्हीला. इलेक्ट्रिशियन माणूस. बायकोशी तेवढं जोडून घेणं जमलं नाही. पाटी हटेना.

"तू मुद्दाम करतोयस," ती म्हणाली.

"मी कशाला मुद्दाम करू? आतून कोणीतरी धरून ठेवलंय त्याला."

"भूत बसलंय?"

"थांब जरा. पूर्ण बंद करतो, मग काढ. आम्ही आधी मेन पाडतो आणि मग वायरला हात लावतो."

"तुझा हा डबा बंद व्हायला एक जन्म जातो. माझा एक गेलाय." खाली हॉर्न पुन्हा वाजला. दाताच्या दवाखान्यात काउंटरवर नोकरी करताना तिने नाही नाही ते बघितलं होतं. "सरक. आमचे डॉक्टर याहून घट्ट दात उपटतात."

"अगं, नको, आतलं सगळं जाईल..."

तिने चिमटीत धरला आणि ओढला. सहज आला. इतका सहज की तिलाच कसंतरी झालं.

ती दारापर्यंत गेली आणि परत फिरली. "लाव एकदा. तुझ्यावर माझा विश्वास नाही. आत सगळं आहे ना, ते बघूनच जाते."

त्याने लावला. पाटी आली. ही डिस्क वापरण्याआधी फॉरमॅट करावी लागेल. करायची का?

त्याने तो काढला, फुंकर मारली, शर्टाला पुसला, दुसऱ्या खाचेत घातला. करायची का? तिसऱ्या खाचेत. करायची का? मग त्याने हात मांडीवर ठेवले. ती त्याच्या खांद्यावरून पडद्याकडे बघत राहिली. खाली भाऊ हॉर्नवरून हात काढायला तयार नव्हता.

आतलं दार उघडलं. सासू रिमोट घेऊन उंबऱ्यात उभी होती.

"अरे, त्या टीव्हीला काय झालं बघ. आत्ता नाचत होती, मधेच गेली."

दोघांनी माना वळवल्या. तिच्या मागे टीव्हीचा पडदा काळा होता.

"तिनेच शिकवलंय मला," सासू म्हणाली. "हे लाल बटण दाबायचं आजी, की मी येते. तू कामावर गेलास की रोज दुपारी लावते. रोज येते बिचारी. आज कितीदा दाबलं, येईचना."

नवऱ्याने टेबलाखालच्या वायरीकडे पाहिलं. संगणकातून टीव्हीकडे जाणारी वायर त्यानेच जोडली होती.

म्हाताऱ्या बाईने रिमोट सुनेच्या हातात दिला.

"जाण्याआधी तेवढं लावून दे गं. ती कुठे गेली, बघ."

कानातलं यंत्र आत डबीत होतं. ती गेली, हे आता दोघांपैकी कोणाला तरी ओरडून सांगावं लागणार होतं.