गोपिकेचं ताट

वंदना दारात उभी राहिली तेव्हा गोपिका ते ताट घासतच होती.

पितळेचं, पसरट, आतून वेल कोरलेलं. आईचं. आई शेवटची दोन वर्षं वाडीला या धाकट्या लेकीकडे होती आणि ताटही इथंच राहिलं. आईचे दिवस उरकल्यावर गोपिकेनं एवढंच सांगितलं होतं की ताट आईनं मला दिलं. वंदनाच्या वाट्याला आईचं काहीच आलं नाही.

"भोक पाडशील वं त्याले," वंदना म्हणाली.

"पडू दे."

गोपिकेनं ताट पालथं घातलं होतं आणि ती विटेच्या भुग्यानं घासत होती. आतली वेल काळवंडलेली, मागची बाजू मात्र लखलखीत. चिंच लावायचं सोडून वीट. हिला साधं पितळ घासता येत नाही, आणि ताट हिला.

वंदनानं येण्याचं कारण सांगितलं. तिची लेक श्वेता बेसा गावी नानाजींकडे छापचित्रं शिकायला जाते. या रविवारी मुलांनी घरातली एक जुनी वस्तू आणायची, तिच्यावर शाई फिरवून कागदावर छाप घ्यायचा. आपली माणसं कोण होती हे मुलांना हातानं कळावं, असं नानाजींचं म्हणणं. श्वेताला आजीचं ताटच पाहिजे होतं.

गोपिका आधी नाही म्हणाली. अडकित्ता ने, म्हणाली, पोळपाट ने. वंदना जागची हलली नाही. शेवटी गोपिकेनं ताट पुसलं आणि पिशवीत घातलं.

"वेलच छापजो फक्त. मागं काही नाही."

"खाऊन नाही टाकत तुझं ताट."

गोपिकेनं पिशवी पुढे केली. मग म्हणाली, "आई शेवटी तुझंच नाव घेत राहे, ताई."

हे ती दर भेटीत सांगायची. तोंडदेखलं. नाव माझं आणि ताट तुझं, वंदना मनात म्हणाली आणि पायऱ्या उतरली.

रविवारी वंदना श्वेताला ताटासह नानाजींकडे घेऊन गेली. श्वेतानं वेलीवर शाईचा रूळ फिरवला, वर कागद ठेवला, चमच्याच्या पाठीनं घासला. वेल उमटलीच नाही. ताटाचा काठ उंच, कागद तळाला टेकतच नव्हता. नुसतं काठाचं वर्तुळ आलं. श्वेताचा चेहरा उतरला.

"पालथं करून बघू," नानाजी म्हणाले. "मागून सपाट आहे."

"पण मावशीनं वेलच सांगितली," श्वेता म्हणाली.

म्हणजे इथंही गोपिकेचंच चालायचं. वंदना बाकावरून उठली आणि तिनं स्वतःच ताट उलटं केलं.

"फिरव रूळ. मावशीले काय समजते."

रूळ फिरला. नानाजी सगळ्या मुलांना जवळ बोलावून सावकाश समजावत होते. धातू जिथं खोल गेलेला असतो तिथं शाई पोचत नाही, कागद पांढरा राहतो. डोळ्याला दिसत नाही ते कागद दाखवतो.

श्वेतानं कोपरा धरून कागद उचलला. काळ्या गोलाच्या एकाच जागी ओरखड्यांचं जाळं होतं, पुन्हा पुन्हा घासल्यासारखं. आणि त्या जाळ्याखाली पांढऱ्या ठिपक्यांची एक पुसट ओळ.

"भांड्यावर नाव टाकलेलं दिसते," नानाजी म्हणाले. "छाप उलटा येतो, बाळा. खिडकीशी धर आणि मागून वाच."

श्वेतानं कागद उजेडाला धरला आणि एकेक अक्षर जोडत मोठ्यानं वाचलं.

"चि. वंदनास, आईकडून."