तांब्याभर गोडं पाणी

घरातल्या प्रवाळ-माशांच्या खाऱ्या टँकमधलं पाणी उतरलं की बायको तांब्याभर गोडं पाणी ओतायची. लोकांच्या चुका काढून निवृत्त झालेला तपासनीस नवरा हसायचा. “समुद्रात गोडं पाणी? धन्य आहेस!” “तुम्हाला काय कळतंय त्यातलं!” ती फटकारायची. ती गेल्यावर टँक त्याच्या गळ्यात पडला. त्यानं आधी तिची चूक सुधारली. मोजूनमापून मिठाचं पाणी घालू लागला. दोन महिन्यांत प्रवाळ पांढरे पडले. आज तिचा लाडका एंजलफिश आडवा झाला. माशांच्या दुकानदारानं येऊन पाणी तपासलं, कपाळावर हात मारला. “काका, उडतं ते पाणी, मीठ मागंच राहतं. म्हणूनच काकू गोडं पाणी घालायच्या!” तपासनीसानं तिचा तांब्या भरून हळूहळू ओतला. माशाचे कल्ले हललेच नाहीत. “तुझंच बरोबर होतं,” चाळीस वर्षांत पहिल्यांदाच तो म्हणाला आणि टोमण्याची वाट बघत थांबला.